गणपती झाल्यावर टोचून घेऊ

१० ऑगस्ट २००८, रविवार

आमचे डॉक्टर सर पुण्याच्या मीटिंगहून आले ते बर्फाचा डबा घेऊनच. फ्लूची लस, आणि ती पेशंटसाठी नाही, आम्हा स्टाफसाठी! अठरा वर्षं या हॉस्पिटलात आहे, आम्हाला टोचायची कल्पना आजवर कुणाला सुचली नव्हती.

सगळ्यांना ड्रेसिंग रूममध्ये बोलावलं. म्हणाले, "आपला ताप दोन दिवसांत उतरतो. तोच ताप आपण वॉर्डात नेला तर एखादी म्हातारी जाते. म्हणून घ्यायचं. आपल्यासाठी नाही, त्यांच्यासाठी." छान बोलले. सगळ्यांच्या माना हलल्या. मग विचारलं, "अंड्याची ॲलर्जी कुणाला? ही लस अंड्यात वाढवतात म्हणून विचारतोय."

झालं! विमलमावशी, आमची आया, दोन पावलं मागे. "अंड्यात? नि श्रावणात?"

सर म्हणाले, "अहो मावशी, खायचं नाहीये, दंडात टोचायचंय."

"तोंडावाटे गेलं काय नि दंडावाटे गेलं काय, अंगात तर जायचंच ना?"

सर हसले. नर्स पुष्पाने बाही वर केली होती ती हळूच खाली घेतली. सोमवार धरते ती. मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, कारण मी इनचार्ज. मी म्हटलं, "राहू दे सर, श्रावण सरला की सगळ्यांना एकदम देऊन टाकते." सरांनी मात्र स्वतः घेतली, माझ्याच हातून. उरलेला डबा लोडशेडिंगमुळे त्यांच्या घरच्या फ्रिजमध्ये गेला, इन्व्हर्टर त्यांच्याकडेच आहे.

इथं खरं लिहिते. श्रावण वगैरे डोंबल. परवा शेजारच्या बंटीच्या वाढदिवसाला केकचे दोन तुकडे खाल्ले, अंडं होतं का कुणाला विचारलं? मला सुईची भीती वाटते. ट्रेनिंगला असताना टायफॉईडच्या इंजेक्शनला सगळ्या मुलींसमोर चक्कर येऊन पडले होते. दिवसभर दुसऱ्यांना टोचते, पण सुई माझ्याकडे वळली की काहीतरी निमित्त काढून सटकते. हे घरी यांनासुद्धा माहीत नाही.

१७ ऑगस्ट

खिडकीजवळच्या खाटेवर नवी आजी. बायजाआजी. वरंधच्या वरच्या धनगरवाड्यातली. शेवाळावरून पाय घसरला, म्हशीमागे धावत होती. या वयात! खुब्याचं हाड. परवा ऑपरेशन झालं, नीट झालं. सोबत सून, सगुणा. मुलगा जानू मुंबईला.

आजी तोंडाची तिखट. सकाळी सलाईन लावायला गेले तर म्हणते, "गो शिस्टर, किती टोचशील? मी काय गोधडी हाय?" आख्खा वॉर्ड हसला. म्हशीची काळजी एवढी, की पायाचं दुखणं विसरते. म्हैस म्हणे दुसऱ्या कुणाला सडाला हात लावू देत नाही. "मी गेले नाय तर ती आटल बघ." मी म्हटलं, गणपतीपर्यंत धार काढायला बसवते तुम्हाला. आता बसवलं पाहिजे, नाहीतर रोज टोमणे.

२५ ऑगस्ट

आजी वॉकरवर दारापर्यंत गेली! परत येताना दम लागला, पण बढाई अशी की जशी रायगड चढून आली. सर म्हणाले, घरी न्यायला हरकत नाही.

पण न्यायची कशी? वरंधपर्यंत गाडी. पुढे वाट म्हणजे ओढे नि चिखल, डोलीच लागते. नि वाडीत सध्या पुरुषमाणूस नाही, सगळे मुंबईला. सगुणा म्हणाली, "गणपतीला चाकरमानी येतील, तवा चार खांदे मिळतील."

"खांदे म्हणू नको गो मेले," आजी ओरडली, नि स्वतःच खो खो हसत सुटली.

मीच सरांना म्हटलं, राहू दे इथंच. वर पावसात, धुरात कशाला? आमच्या नजरेखाली बरी. सर म्हणाले, ठीक. हे मीच सुचवलं.

३१ ऑगस्ट

श्रावण काल संपला. सरांनी आठवण केली. मावशी म्हणाल्या, "आता तोंडावर गणपती. ताप भरला तर घरचं कोण बघंल? आणि आमच्यात गौरी जाईपर्यंत अंडं नसतंच." पुष्पाचा यंदा पहिला ओवसा, लग्नानंतरचा. दंड सुजला तर गौरीपुढे सूप कसं धरणार म्हणते. हे तिचं खरं आहे, पहिला ओवसा पुन्हा येत नाही.

मी म्हटलं, "गणपती झाल्यावर टोचून घेऊ सगळ्याच." इतक्या पटकन म्हटलं की माझं मलाच हसू आलं. सर मग म्हणाले, "तुमच्यावर सोडतो सिस्टर. तुम्ही घेतलीत की बाकीच्या घेतील."

हे ऐकायला नको होतं.

४ सप्टें.

गावाहून संध्याकाळच्या गाडीने परत. सासर पोलादपूरच्या वरच्या अंगाला, दीड दिवसाचा गणपती. मोदक, भजन, सगळं नेहमीचं. धाकटे दीर मुंबईहून आले ते खोकतच. आरतीला माझ्या शेजारी उभे, टाळ वाजवताहेत नि खोकताहेत. जाऊबाई म्हणाल्या सगळ्या चाळीत साथ आहे. मी त्यांना हळद-दूध करून दिलं. अंतर ठेवून उभं राहावं हे सुचलंसुद्धा नाही. आपल्या घरात कोण असं वागतं?

६ सप्टें.

घसा धरलाय. अंग मोडून येतंय. पुष्पा ओवशाला गावी, दुसरी नर्स पण रजेवर. वॉर्डात मी नि मावशी. सगुणासुद्धा आज गौरी आणायला वर गेली. जाताना म्हणाली, "ताई, तुमच्या हवाली हाय आजी." 

क्रोसिन घेऊन गेले. राउंडला सरांनी विचारलं, "सिस्टर, बरं नाही का? ताप आहे?"

"छे सर, जागरण झालं गावाला."

किती सहज आलं तोंडून.

७ सप्टें.

ताप होता. थर्मामीटर लावलाच नाही, म्हणजे आकडा दिसायला नको. गोळी घेतली, गेले. न जाऊन सांगू कुणाला? मावशी एकट्या काय काय करणार?

आजीचे केस विंचरले, पेज भरवली, अंग पुसलं. खोकला आला की पदर तोंडाला लावत होते. आजीने माझ्या कपाळावर हात ठेवला. "गो, तू तापली हायस. घरी जा."

"मी घरी गेले तर तुमची वेणी कोण घालणार?"

"माझी वेणी बघायला इथं कोण येतोय?" पण खूश झाली. सगळ्यांना सांगत सुटली की शिस्टर तापात माझं करते.

संध्याकाळी सर म्हणाले, "तुम्ही नसतात तर वॉर्ड बंद ठेवावा लागला असता." छाती फुगली माझी. खरंच फुगली. चवदार तळ्यावरून घरी येताना दोनदा टेकावं लागलं तरी मनात एकच, बघा, अजून आपल्यावाचून चालत नाही यांचं.

९ सप्टें.

माझा ताप उतरला. आजी सकाळपासून शिंकतेय, थोडं खोकतेय. हवा ओली आहे, खिडकीजवळची खाट. आतल्या बाजूला हलवली.

हवा ओलीच आहे. आख्खं महाड ओलं आहे.

१० सप्टें.

आजी पहाटेपासून तापली. आणि नेमकी आज डोली आली. जानू, सोबत वाडीतले तिघे मुंबईकर, बांबू, घोंगडी, सगळी तयारी. सगुणा पुढे. आजीचं लुगडंसुद्धा नवं आणलेलं. सर म्हणाले, ताप असताना सोडत नाही. चौघं दिवसभर व्हरांड्यात बसून होते. जानूला बिडीचा खोकला आहे, अधूनमधून खाकरत होता. संध्याकाळी तिघे गेले, त्यांच्या रजा संपल्या. डोलीचा बांबू भिंतीला टेकवून ठेवलाय.

जानू आला तेव्हा आजीला ताप भरून काही तास झाले होते. मीच तर बघितला होता. हे मी नीट लिहून ठेवते.

१२ सप्टें.

छातीच्या फोटोत दोन्ही फुप्फुसं पांढरी. ऑक्सिजन लावला. सर म्हणाले मुंबईला हलवू. आजी तोंडावरचा मास्क काढून म्हणाली, "आणखी खाली नको. न्यायचं तर वर न्या." सगुणा रडायला लागली.

सरांनी सगळ्यांदेखत विचारलं, "तापाचं माणूस कुणी जवळ आलं होतं का?"

सगुणा एकदम नवऱ्यावर उसळली. "हाच आला ना मुंबईचा खोकला घेऊन! आईच्या तोंडाजवळ तोंड नेऊन बसला व्हता. चांगली चालाय लागलेली म्हातारी!"

जानू टोपी हातात घेऊन उभा. मी ऑक्सिजनची नळी ठीक करत होते. ठीकच होती ती. तरी करत राहिले.

मी काही बोलले नाही. का नाही बोलले? सरांना लाज वाटेल म्हणून? हॉस्पिटलचं नाव? नाही. सगुणा माझ्याकडे जशी बघते, तशी बघायची थांबली असती म्हणून.

१४ सप्टें.

विसर्जनाच्या मिरवणुका. ढोल वॉर्डाच्या आतपर्यंत. मावशी रस्त्यावर जाऊन भांडून आल्या, थोडे हळू झाले. आजीला काही ऐकू जात नाही आता. 

हे विचारतात, जेवत का नाहीस. पोट बरं नाही म्हटलं.

१६ सप्टें.

आजी गेली. दुपारी. मी ड्यूटीवर होते. नवं लुगडं मीच नेसवलं, वेणी घातली. सगुणा माझ्या गळ्यात पडली. "ताई, पोटच्या पोरीनं केलं नसतं एवढं केलंत." मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते, नि आत मात्र असं वाटत होतं की हा हात कुणीतरी धरावा, झटकावा.

वाडीला निरोप गेला. जीपने वरंधपर्यंत नेणार, पुढे तीच डोली.

जानू सगळ्यांत मागे. सगुणा त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हती.

१८ सप्टें.

सरांना सांगितलं. केबिनमध्ये, दार लावून. सहा तारखेपासून ताप होता, तुम्ही विचारलंत, मी खोटं बोलले.

त्यांनी पेन मिटून ठेवलं. मग म्हणाले, "इथं तपासायची सोय नाही. तुमचा ताप कसला, तिचा कसला, कोण सांगणार? शेजारच्या खाटेला पाहुणे येत होतेच की. लस घेतली असती तरी ताप आलाच नसता असंही नाही."

मला बरं वाटायला लागलं. खरंच वाटायला लागलं. तेवढ्यात ते म्हणाले, "पण मी विचारलं होतं ना सिस्टर. मी तुम्हाला घरी पाठवलं असतं."

"वॉर्ड कोण बघणार होतं सर?"

"मी बघितला असता. बायकोला बसवलं असतं. काहीही केलं असतं."

 मग स्वतःच म्हणाले, त्या दिवशी मावशींना हसलो ते चुकलंच, बसून समजवायला हवं होतं. चांगला माणूस आहे. चांगल्या माणसाने असं स्वतःवर घेतलं की आपल्याला जास्त लागतं. आजीच्या घरच्यांना काही बोलू नका म्हणाले. बोललात तर त्यांचं माणूस परत येणार नाही, इतर पेशंट मात्र घाबरतील.

२१ सप्टें.

आज लस घेतली. पुष्पाने दिली. चक्कर नाही, काही नाही. मुंगी चावावी एवढं. एवढ्यासाठी!

पुष्पाने घेतली, दुसरीनेही घेतली. मावशी म्हणाल्या, "आता पितृपक्ष. मग घट बसतील. दसऱ्यानंतर बघू."

माझं डोकं फिरलं. ओरडले मी त्यांच्यावर, वॉर्डाबाहेर, सगळ्यांच्या समोर. "बायजाआजीला ताप मी दिला! मी टोचून घेतलं नाही म्हणून तुम्ही कुणी घेतलं नाहीत, नि मी तापात तिला भरवत बसले! दसऱ्यापर्यंत आणखी कुणाला न्यायचंय?"

मावशी जवळ आल्या. मग हळू आवाजात, "काहीतरीच बोलू नका ताई. वय झालं व्हतं तिचं." आणि बादली उचलून गेल्या. रागाने नाही, मला समजावून गेल्या! पुष्पा पण म्हणाली, तुम्ही फार मनाला लावून घेता.

वय झालं होतं म्हणे. म्हशीमागे धावणारी बाई.

२७ सप्टें.

जानू आला हॉस्पिटलात. डोक्याचे केस काढलेले. किटलीत तूप. "आयेच्या म्हशीचं हाय. तुमाला द्याचंच व्हतं." किटली टेबलावर ठेवून जाईना. उभाच. चहा घेणार का विचारलं, नको म्हणाला.

मग म्हणाला, सगुणा बोलत नाही. भाकरी वाढते, पण पाठ करून बसते. वाडीतल्या बायकाही तेच बोलतात, मुंबईचा ताप आणला. सोमवारी मुंबईला परत निघायचं. "शिस्टर, तुमी शिकलेल्या. खरं सांगा. माज्यामुळं गेली का आय?"

मी बाकावर बसले, त्याला शेजारी बसवलं. सगळं सांगितलं. तू यायच्या आधीच ताप होता. मला तुझ्या आधीपासून होता. गोळी खाऊन येत होते. डॉक्टरांशी खोटं बोलले. टोचून घ्यायचं ते घेतलं नाही. तुझ्या आईचे केस मी विंचरत होते तेव्हा खोकत होते. एकही शब्द गाळला नाही.

तो ऐकत होता. मध्ये एकदाही डोळे हलवले नाहीत. मला वाटलं आता उठेल, ओरडेल, मारेलसुद्धा. मारलं असतं तर चाललं असतं.

म्हणाला, "शिस्टर, तुमी देवमाणूस हाव."

"अरे, ऐकलंस ना मी काय बोलले?"

"ऐकला की. मला बरं वाटावं म्हणून सोतावर घेताव. कोण घेतो असं?" डोळ्यांतून पाणी. "तुमी रोज तापवाल्यांत ऱ्हाता, तुमाला कसला ताप येतो? आय सांगायची, शिस्टर माझी लेक हाय."

मी त्याचा हात धरून पुन्हा सांगितलं. शपथ घेतली. तो मान हलवत होता, लहान पोराला समजवावं तसा. मग वाकून पाया पडला, नि गेला. मी दारापर्यंत धावले. डेपोच्या गर्दीत दिसेनासा झाला.

तूप घरी आणलं. यांनी विचारलं कुणी दिलं. मी किटली फळीवर सारली.

२८ सप्टें., सकाळ

यांना रात्रीच सगळं सांगितलं. म्हणाले, सांगून झालं ना, मग सुटलीस. आता कशाला आपल्याच पायावर धोंडा मारून घेतेस? सुटले? माझं सांगणं जानूने आणखी एक ओझं करून डोक्यावर नेलं. आता त्याला वाटत असणार, आपल्यापायी त्या बिचाऱ्या सिस्टरला खोटं बोलावं लागलं.

सकाळच्या गाडीने वरंधला जाते. वर वाट विचारत जाईन. जानू उद्या मुंबईला निघतो, त्याच्या आत सगुणाला सांगायला हवं, त्याच्या समोर. ती चिडकी आहे, ती तरी ऐकेल.

पण मी दारात उभी राहिले की ती आधी पाणी देईल, पाट मांडेल, वाडीतल्या बायकांना हाक मारेल की आजीची शिस्टर आली. मग मी बोलायला लागेन, आणि त्या सगळ्या जानूसारख्याच मान हलवायला लागल्या तर? कोणत्या शब्दांत सांगू म्हणजे त्यात कुणाला माझा चांगुलपणा दिसणार नाही? अजून एकही वाक्य जुळलेलं नाही. हे खालून हाका मारताहेत, गाडीची वेळ झाली.